चौदा काठ्या आणि एक वाण

आमचे जावई काय करतात असं कुणी विचारलं, की गेली चार वर्षं मी "खेळाच्या क्षेत्रात आहेत" असं म्हणून विषय बदलत आलो. समोरच्याला वाटायचं, क्रीडाशिक्षक असतील, नाहीतर खेळाच्या सामानाचं दुकान असेल. मी तसं वाटू द्यायचो. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गोल्फ? बरं, पण नोकरी कुठे?" बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत सगळेच सेवानिवृत्त. त्यांना हा प्रश्न विचारायला दिवसभर वेळ असतो.

मी स्वतः पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. केळकर सर म्हटलं की आमच्या भागातली आता पन्नाशीला आलेली माणसंसुद्धा सरळ बसतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मी पर्यवेक्षक असलो की मुलं मोज्यांतल्या चिठ्ठ्या आपण होऊन काढून द्यायची. माझी एकुलती एक मुलगी मुग्धा आयटीत लागली आणि एक दिवस हडपसरच्या विकासला घेऊन घरी आली. मुलगा उंच, सावळा, नम्र. घरची शेती. म्हणजे होती. आजोबांनी ज्या वावरात ऊस लावला, तिथे बिल्डरने उंच इमारती बांधल्या आणि उरलेल्या जागेत गोल्फचं मैदान केलं. आता तिथे नुसतं गवत लावतात, पाणी घालून वाढवतात आणि कापतात. गाईलासुद्धा घालत नाहीत. विकास त्याच मैदानावर खेळायला शिकला आणि पुढे त्याचा तोच धंदा झाला.

हा धंदा वाचकांना थोडक्यात सांगतो, कारण मलाही तो चार वर्षं कळला नव्हता. व्यावसायिक गोल्फपटू वर्षातले पंचवीस-तीस आठवडे सूटकेस घेऊन देशोदेशी हिंडतो. स्पर्धा गुरुवार ते रविवार. शुक्रवारी संध्याकाळी निम्म्याहून जास्त लोकांना नारळ देतात. त्याला 'कट' म्हणतात. कटात जो राहिला तो शनिवार-रविवार खेळणार, आणि जो गेला तो स्वतःच्या खर्चाने पुढच्या देशात जाऊन पुन्हा तेच करणार. आमच्या वेळी एवढं नापास होणाऱ्या मुलाला घरच्यांनी आयटीआयला घातलं असतं.

यंदा मात्र प्रकरण गंभीर होतं. गेल्या वर्षी विकासचं मनगट दुखावलं आणि तो आठ महिने घरी बसला. दौऱ्यावर खेळायचा जो परवाना असतो, त्याला कार्ड म्हणतात, तो टिकवण्यासाठी त्याला सवलतीच्या सहा स्पर्धा दिल्या होत्या. पाच झाल्या. सहावी थायलंडमध्ये. गुणांचं गणित मी स्वतः कागदावर करून पाहिलं. या स्पर्धेत कट पार केला तर कार्ड राहणार, नाहीतर गेलं. मग वर्षअखेरीस हजार पोरांबरोबर पुन्हा पात्रतेची स्पर्धा. मुग्धाला सातवा महिना. अशा वेळी कार्ड गेलं असतं तर काय झालं असतं, ते कुणी घरात बोलत नव्हतं. त्यावरूनच ते कळत होतं.

आणि नेमका त्याचा कॅडी पाठीने आडवा झाला. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, चेंडू पुसणारा आणि शिव्या खाणारा माणूस. विकास म्हणाला तिकडचा कुणी तरी घेईन. मुग्धा म्हणाली, "नको. बाबा, तुम्ही जा. त्यांच्याबरोबर आपलं कुणीतरी पाहिजे."

"मी? जावयाचं ओझं उचलू?"

"रोज पर्वती चढता म्हणून सगळ्यांना ऐकवता ना? मग चढा."

लग्नात जावयाचे पाय धुतले तेव्हा मला वाटलं होतं, झालं एकदाचं. ते झालं नव्हतं. त्यात अधिक महिना लागला होता. या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तेहेतीस अनारसे आणि सोबत काहीतरी चांगली वस्तू. आमच्या शैलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, चांदीची निरांजनं द्यायची होती. मी म्हटलं, तो माणूस वर्षातले सहा महिने हॉटेलात राहतो, निरांजन कुठे लावेल, स्विमिंग पूलजवळ? त्यापेक्षा उपयोगाचं काही देऊ. कॅम्पातल्या एका दुकानातून मी एक पटर आणला. पटर म्हणजे चेंडू शेवटी खळग्यात ढकलायची काठी. शैलाने त्याला कुंकू लावलं, दांड्याला लाल-पिवळा धागा बांधला आणि तो माझ्या धोतरात गुंडाळून माझ्या मोठ्या बॅगेत तिरका बसवला. शेजारी अनारशांचा डबा. अनारसे मी दोनदा मोजले. तेहेतीस.

मंगळवार

बँकॉकपासून तीन तासांवर समुद्रकाठचं एक गाव. विमानतळावर अधिकाऱ्याने डबा उघडला, एक अनारसा उचलून नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मी हॉटेलात आल्यावर पुन्हा मोजले. एकही कमी नव्हता.

या देशात हॉर्न वाजत नाही. तीन तासांत मी एकदाही ऐकला नाही. स्वारगेटला सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचा माणूस हॉर्न वाजवून आपल्या सगळ्या खानदानाची आठवण काढतो. इथे समोर हातगाडी आडवी आली तर ड्रायव्हर थांबला आणि हसला. मला वाटलं, गाडी बंद पडली.

मैदानाच्या फाटकाशी एका खांबावर छोटं देऊळ होतं, आपल्या तुळशीवृंदावनाएवढं. त्यापुढे लाल सरबताच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या, आणि प्रत्येक बाटलीत स्ट्रॉ. मी विकासला म्हटलं, "अहो विकासराव, इथले देव स्ट्रॉने पितात का?" तो म्हणाला, "बाबा, हळू बोला." मोठ्या टोप्या घातलेल्या कॅडी बायका तिथे हात जोडून आत जात होत्या. होय, बायका. या देशात हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि बाहेरून आलेल्या व्यावसायिकांचे कॅडी तेवढे पुरुष. त्या सगळ्यांत माझ्याएवढा म्हातारा कुणी नव्हता.

सरावाच्या वेळी विकासने मला माझं काम समजावलं. बॅग अशी धरायची, सावली त्याच्या रेषेत पडू द्यायची नाही, चेंडू मारताना हलायचं नाही, बोलायचं नाही. "आणि बाबा, एक महत्त्वाचं. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला चेंडू मारतात तिथे, जाण्याआधी काठ्या मोजायच्या. चौदा. तेरा असल्या तर चालतात, पंधरा चालत नाहीत. नियमच आहे."

"विकासराव, मी दहावीला गणित शिकवत होतो."

"हो, पण मोजा," तो म्हणाला.

बुधवार

सकाळी विकास सरावाला गेला आणि मला दुपारपर्यंत मोकळीक मिळाली. शाकाहारी माणसाला या देशात फार जपून राहावं लागतं. भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात आणि विचारलं तर "मासा नाही, फक्त रस" असं प्रेमाने सांगतात. पिवळा झेंडा लावलेली दुकानं शोधायची, तिथे निव्वळ शाकाहारी मिळतं. मला एक सापडलं. तिथल्या बाईने भाताबरोबर पिकलेला आंबा वाढला, वर नारळाचं गोड दूध. आंबा आणि भात! आमच्याकडे असं ताट वाढलं तर शैला म्हणेल, विसरून दोन पदार्थ एकात पडले. मी नाक मुरडत एक घास घेतला आणि तीन ताटं संपवली. आंबा हापूसच्या जवळपासही नव्हता, हे मात्र इथे नोंदवून ठेवतो.

दुपारी सरावाच्या वेळी गाठ पडली नोईशी. नोई पन्नाशीची, ठेंगणी, तोंडावर टोपीची सावली. गुरुवार-शुक्रवारी विकासबरोबर जो उंच ऑस्ट्रेलियन खेळणार होता, त्याने इथली कॅडी घेतली होती, ती नोई. तिची आणि माझी इंग्रजी सारखीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं. ती मला "पापा" म्हणायची. बॅग खांद्यावर घेण्याआधी ती प्रत्येक काठीच्या डोक्याला बोट लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची.

"मंत्र का?" मी विचारलं.

ती हसली आणि बोटं दाखवली. दहा, मग चार. मोजत होती. चौदा काठ्या, दिवसातून तीन वेळा! मी विकासला म्हटलं, "या बाईला चौदापर्यंत पोचायला तीन प्रयत्न लागतात." विकास हसला नाही. त्याच्या विनोदबुद्धीबद्दल मला तेव्हा शंका आली.

गुरुवार

गोल्फ हा खेळ पुण्यात जन्माला यायला हवा होता, हे मला गुरुवारी सकाळी पटलं. पहिल्या टीवर एक माणूस हातात पाटी घेऊन उभा होता. पाटीवर लिहिलेलं: शांतता. कुणी खोकलं तरी तो त्याच्याकडे वळून पाटी हलवायचा. बस्स. चार तास माणसं गप्प राहतात, एकमेकांच्या चुका लिहून घेतात, आणि शेवटी सह्या करतात. आमची अर्धी सोसायटी इथे जन्मभर आनंदात राहिली असती.

विकास सुंदर खेळला. मला खेळातलं काही कळत नाही, पण गणित कळतं. प्रत्येक खळग्यासाठी ठरावीक फटके असतात. त्याहून कमी लागले तर तो उणे, आणि उणे चांगलं. या एका बाबतीत गोल्फ माझ्या विद्यार्थ्यांच्या सोयीचा होता. संध्याकाळी विकास उणे तीन होता. कट उणे दोनच्या आसपास पडणार असा सगळ्यांचा अंदाज. म्हणजे शुक्रवारी नुसता सरळ, ठरलेल्या फटक्यांत, खेळला तरी पार.

त्याने हॉटेलच्या पायऱ्यांवर बसून मुग्धाला फोन केला. हळूच माझ्याकडे पाठ करून बोलत होता, तरी ऐकू आलं. "बाबा मस्त आहेत. पाय दुखतात, सांगत नाहीत." मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

मग शैलाचा फोन मला आला. "वाण दिलंत का?"

"अगं, त्यांचं लक्ष खेळात आहे. रविवारी देईन."

"रविवारी? उद्या एकादशी आहे. अधिकातली एकादशी, याच्यासारखा दिवस नाही. आणि वाण खेळायच्या आधी पोचलं पाहिजे. हातात द्यायला जमत नसेल तर त्यांच्या सामानात ठेवा. पोचलं म्हणजे झालं."

मी या गोष्टी मानत नाही. शैलाला मानतो. आणि खरं सांगायचं, उणे तीनवर असलेल्या जावयाच्या बाबतीत कसलाच धोका पत्करावासा वाटत नव्हता.

शुक्रवार

पहाटे आंघोळ करून मी पूर्वेकडे तोंड केलं, धोतरातून पटर काढला, त्याच्या डोक्यावर काठीबरोबर आलेली टोपी चढवली आणि विकासच्या बॅगेत सगळ्या काठ्यांच्या मधोमध खोल सरकवला. वर हात जोडले. अनारशांचा डबा बॅगेच्या कप्प्यात.

सात वाजता पहिल्या टीकडे जाताना विकासने विचारलं, "बाबा, मोजल्या ना?"

मी म्हणालो, "हो हो."

मोजल्या नव्हत्या. काल मोजल्या होत्या, काल चौदा होत्या, रात्रीतून काठीला पिल्लं होत नाहीत, असा माझा तर्क. आणि वाण? वाचकहो, तुम्ही हसाल, पण माझ्या डोक्यात ती काठी नव्हतीच. ते वाण होतं. निरांजनासारखं, अनारशांसारखं. पंधरावी काठी आपणच बॅगेत घातली, हे पस्तीस वर्षं बेरीज शिकवलेल्या माणसाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पलीकडे नोई बोटं लावून मोजत होती. मी तिच्याकडे पाहून मिश्कील हसलो. ते हसू मला आज आठवलं की आंघोळ करावीशी वाटते.

पहिल्या होलवर, म्हणजे पहिल्या खळग्याला, विकासने एक फटका वाचवला. उणे चार! दुसऱ्यावर सरळ. तिसऱ्या टीवर तो घाम पुसायला नॅपकिन शोधत बॅगेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्याने दोन बोटांनी लाल-पिवळा धागा बाहेर ओढला. धाग्यामागून पटर आला.

त्याने काठ्या मोजल्या. एकदा. परत एकदा.

"बाबा," तो म्हणाला. घाबरला की तो आपोआप हडपसरचं बोलतो, हे मला तेव्हा कळलं. "बाबा, ह्या पंधरा हायेत."

माझ्या तोंडातून काय निघालं ते मी लिहिणार आहे, कारण तेच लिहायला बसलोय. मी इकडे-तिकडे पाहिलं. ऑस्ट्रेलियन पुढे पाणी पीत होता. नोई त्याच्याजवळ. रेफरी कुठे दिसत नव्हता. मी हळूच म्हणालो, "कुणी पाहिलंय? झुडपात ठेवतो, जाताना घेऊन जाऊ."

हे वाक्य मी पस्तीस वर्षं मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. "सर, कुणी पाहिलंय?" आणि त्यांना कान धरून वर्गाबाहेर काढलं होतं, पालकांना बोलावलं होतं, एकाचं तर वर्ष वाया घालवलं होतं. आणि हडपसरचा हा मुलगा, ज्याच्याबद्दल मी चार वर्षं लोकांना नीट सांगितलं नव्हतं, त्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग हात वर केला आणि मोठ्याने रेफरीला बोलावलं.

गाडीतून एक पांढऱ्या टोपीतला माणूस आला. विकासने सगळं सांगितलं. त्या माणसाने शांतपणे नियम सांगितला. प्रत्येक होलला दोन फटके दंड, दोन होलचे मिळून चार. उणे चारचा शून्य झाला. शिवाय ती काठी खेळातून बाद, म्हणून बॅगेत उलटी ठेवायची, दांडा वर. मग त्याने विचारलं की ही बॅगेत आली कशी.

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बॅग माझी आहे," विकास म्हणाला. "मोजायची जबाबदारी माझी."

रेफरीने मान हलवली आणि गेला. पुढचे सोळा होल मी ती बॅग खांद्यावर घेऊन चाललो. सगळ्या काठ्या डोकं वर करून आणि त्यांच्यामध्ये एक उलटी, दांड्याला लाल-पिवळा धागा फडफडतोय. मी शाळेत मुलांना बाकावर उभं करायचो. दर होलला बघणारी माणसं त्या दांड्याकडे बोट दाखवून आपसांत काहीतरी बोलायची. नोईने एकदाही पाहिलं नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती, हे मला समजत होतं.

विकास माझ्याशी बोलला तो फक्त कामापुरतं. "सात नंबर." "पाणी." "बाबा, सावली." त्याने एक फटका वाचवला, एक घालवला, परत एक वाचवला. ऊन असं की पुण्याचा मे महिना बरा. माझ्या गुडघ्यांनी पर्वतीचं नाव काढायचं बंद केलं होतं. चौदाव्या होलला नोईने काहीही न बोलता माझ्या मानेवर ओला नॅपकिन टाकला आणि पुढे गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घामाचं म्हणून मी पुसलं.

पंधराव्यावर त्याचा एक फटका गेला, सतराव्यावर लांबून चेंडू खळग्यात पडला आणि मी ओरडलो. तिथल्या पाटीवाल्याने माझ्यासमोर पाटी धरली. उणे एक. कट उणे दोनवर ठरल्यासारखाच होता. अठराव्यावर एक फटका वाचवला तर सगळं परत जागेवर येणार होतं. कार्ड, वर्ष, मुग्धाचा आवाज.

शेवटचा फटका सहा फुटांचा. आमच्या दिवाणखान्याच्या दारापासून सोफ्यापर्यंत असतं तेवढं. विकास खाली बसून रेषा बघत होता. मला वाटलं, तो मला काही विचारेल. त्याने विचारलं नाही. मी पुतळ्यासारखा उभा, सावली पायाखाली, आणि मनात देवाला म्हणतोय, तुला स्ट्रॉने काय पाहिजे ते पाजतो.

चेंडू गेला, काठाला लागला, अर्धा गोल फिरला आणि बाहेर थांबला.

उणे एक. कट उणे दोन. एका फटक्याने.

विकासने टोपी काढली, ऑस्ट्रेलियनशी हात मिळवला, नोईला नमस्कार केला. मग तंबूत जाऊन आकडे तपासून सही केली. मी बाहेर थांबलो. तो आला आणि क्लबहाउसच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. तो एकच वाक्य म्हणाला, रागाने नाही, थकून. "मी विचारलं होतं, बाबा."

"चुकलो रे विकास," मी म्हणालो. जावयाला अरे-तुरे करू नये, हे मला माहीत आहे. तेव्हा दुसरं काही तोंडात आलंच नाही. "मोजल्या नव्हत्या. हो म्हणालो, पण मोजल्या नव्हत्या."

त्याने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. मग विचारलं, "अनारसे राहिलेत का?"

डबा काढला. त्याने एक खाल्ला, मग दुसरा. नोई बॅग जमा करून परत चालली होती, तिला हाक मारून त्याने दोन दिले. तिने चावून डोळे मोठे केले आणि मला अंगठा दाखवला. मी डब्याचं झाकण लावलं.

पुणे

हडपसरला त्यांच्या घरी सगळे जमले होते. त्याचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्याची आई, मुग्धा, शैला. मुग्धाला फोनवर निकाल कळला होता, कारण कळलं नव्हतं. विकासने सांगितलंच नव्हतं. तात्यांनी विचारलं, "काय झालं रं नेमकं? उणे चार होतास ना तू?"

"मोजायचं राहिलं माझ्याकडनं," विकास म्हणाला.

इथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. रेफरीसमोर बसलोच होतो. चहा आला असता, गप्पा झाल्या असत्या, मी बिबवेवाडीला गेलो असतो आणि "दैव" वगैरे म्हणत बसलो असतो. मी उभा राहिलो. वर्गात उभा राहायचो तसा नाही, वर्गातल्या मुलासारखा.

"तात्या, काठ्या मी मोजायच्या होत्या. मोजल्या नाहीत आणि मोजल्या म्हणून खोटं सांगितलं. पंधरावी मीच घातली. वर ती लपवू या असंही मीच म्हणालो. तुमच्या मुलाने लपवली नाही."

शैलाचा चेहरा पांढरा पडला. मुग्धा माझ्याकडे पाहत होती, लहानपणी तिचे वीसपैकी एकोणीस मार्क आले की मी तिच्याकडे पाहायचो तशी. मला ती नजर ओळखीची होती, फक्त या बाजूने कधी पाहिली नव्हती.

तात्यांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बसा सर. चहा निवतोय."

परत येताना रिक्षात शैला म्हणाली, "मीच ठेवायला सांगितलं होतं."

"ठेवायला सांगितलंस," मी म्हटलं. "मोजू नका असं नाही सांगितलंस." ती माझा हात हातात घेऊन बसली, जे तिने गेल्या वीस वर्षांत रिक्षात केलं नव्हतं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. नात झाली आहे, वजन चांगलं आहे, रडणं त्याहून चांगलं आहे. डिसेंबरात पात्रतेची स्पर्धा. हजार पोरं, पंधरा-वीस कार्डं. मी विकासला म्हणालो, "या वेळी व्यवसायातला कॅडी घ्या. मी पाया पडतो."

"पाया पडू नका. पहाटे सहाला या," तो म्हणाला.

म्हणून मी रोज पहाटे बिबवेवाडीहून निघतो, स्वारगेटला बस बदलतो आणि हडपसरच्या पलीकडच्या त्या मैदानावर जातो. परवा स्टॉपवर आमच्या सोसायटीतले कुलकर्णी भेटले. "काय सर, इतक्या सकाळी?"

"जावयाची बॅग उचलायला."

"जावई काय करतात म्हणालात?"

"गोल्फ खेळतात."

"ते ठीक आहे, पण नोकरी?"

"नोकरी मी करतो," मी म्हणालो, आणि बस आली.

मैदानावर विकास आधीच आलेला होता. त्याने बॅगेतून स्वतःचा जुना पटर काढला आणि गाडीत ठेवला. मग गाडीच्या मागच्या सीटवरून धोतरात गुंडाळलेला पटर काढला, टोपी उतरवली आणि बॅगेत सरकवला. लाल-पिवळा धागा तसाच. वाण परत करत नाहीत, हे त्याच्या आईनेही त्याला सांगितलं असणार.

"मोजा, बाबा," तो म्हणाला.

मी प्रत्येक काठीच्या डोक्याला बोट लावलं आणि मोठ्याने मोजलं, फळ्यापाशी उभं राहून मोजायचो तितक्या मोठ्याने. चौदा.

"परत," तो म्हणाला.

मी परत मोजल्या.